दोरा घेऊन डार्विनला

माझ्या बॅगेत चार कपडे होते आणि उरलेल्या जागेत कॅप्सूल. दिसायला व्हिटॅमिनच्या गोळीसारखी, पण एका टोकातून लांब पांढरा दोरा निघालेला. ती पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं दुसरं टोक गालावर चिकटपट्टीने लावायचं आणि सात-आठ मिनिटं गप्प बसायचं. पोटात कॅप्सूल विरघळते आणि आत दाबून भरलेला स्पंज मोठ्या बोराएवढा फुलतो. मग दोरा ओढला की तो अन्ननलिकेतून वर येतो आणि येताना तिच्या अस्तराच्या पेशी अंगाला लावून आणतो. त्या पेशी सिडनीतल्या वेस्टमीडच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासायच्या, एवढंच काम.

सिडनीच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने एक कॅप्सूल दोऱ्याला धरून डोळ्यांसमोर हलवली.

"मासे धरायला चाललीस?"

"नाही, पेशी."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. "डार्विनला तर मासे सोपे पडतील, मेट," म्हणाला आणि बॅग पुढे ढकलली.

२०२१ चा मे महिना होता. त्या वर्षी इथल्या राज्यांच्या सीमा दुकानाच्या शटरसारख्या वर-खाली होत होत्या. कुठल्या राज्यातून कुठे जाता येईल हे सकाळच्या बातम्यांवर ठरायचं. करोनामुळे एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून आतून बघण्याची तपासणी, ठिकठिकाणी लांबणीवर पडली होती. वर्षानुवर्षं छातीत जळजळ होणारी माणसं रांगेत थांबून होती. त्यांच्यातल्या कोणाला आधी बघायला हवं हे एका साध्या स्पंजवरून कळेल का, हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न. डार्विनच्या एका दवाखान्याने तीन दिवसांसाठी खोली दिली होती आणि आमच्या प्रमुख हेलन मॅडमनी मला एकटीला पाठवलं होतं. त्यांना नुसतं 'हेलन' म्हणायचं असतं. चार वर्षं झाली, मला अजून जमलेलं नाही.

मी मंठ्याची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, आई अंगणवाडीत मदतनीस. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. निघण्याआधी वडिलांना फोन केला.

"तिकीट कोणी काढलं?"

"युनिव्हर्सिटीने."

"मग सामान नीट सांभाळ. दुसऱ्याचं आहे."

त्यांनी शाळेची घंटासुद्धा तीस वर्षं अशीच सांभाळली.

बुधवार, पोहोचले

विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि तोंडावर ऊन आलं. सिडनीत थंडी सुरू झालेली, अंगावर स्वेटर. इथे बाकीचे लोक कपाळ पुसत होते आणि मी एकटी खुशीत उभी होते. असं ऊन मला चार वर्षांत भेटलं नव्हतं.

घ्यायला सुजाताताई आल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या, नऊ वर्षं डार्विनमध्ये नर्स. या कामात दवाखान्याच्या बाजूने त्याच मला मदत करणार होत्या. फोनवर आम्ही इंग्रजीत बोललो होतो; गाडीचं दार उघडताच त्यांनी भाषा बदलली.

"मंठ्याची ना तू? मंग तुले उन्हाचं काय सांगू! बस. एसी लावू का नको?"

"नको."

"शाब्बास. पहिली पाहुणी जिने नाही म्हटलं."

डार्विनमध्ये ऋतू दोनच, 'वेट' आणि 'ड्राय'. पावसाळा म्हणजे घामाचे सहा महिने. मी गेले तेव्हा ड्राय नुकताच लागला होता. आकाश धुतल्यासारखं निळं. रस्त्यावर चालणारं कोणी नाही, सगळी माणसं गाड्यांत. आणि समुद्र असा की वाटावं, आत्ताच पाय बुडवावेत. पण काठावर पाटी आणि पाटीवर मगरीचा उघडा जबडा. एवढा मोठा समुद्र आणि त्यात एकही माणूस नाही!

रात्री त्यांच्या घरी जेवायला पाटवडी-रस्सा आणि भाकरी. त्यांची नऊ वर्षांची लेक, रेवा, माझी कॅप्सूल बघायला आली. सुजाताताई मराठीत विचारायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"रेवा, मावशीला विचार, हे कशासाठी असतं."

"आय नो, मम. इट्स फिशिंग फॉर जर्म्स."

"जर्म्स नाही गं, सेल्स," मी म्हटलं. तिच्याही डोक्यात मासेच होते. या गावात सगळ्यांच्याच असतात, हे मला पुढे कळलं.

गुरुवार, चहाची चूक

ही चूक माझी एकटीची. लिहायला लाज वाटते, पण ती वगळली तर पुढचं काही समजणार नाही.

तपासणी दुपारी होती. इथे दुपारला 'आर्वो' म्हणतात, हा शब्द मला माहीत होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्याआधी काही तास पोट रिकामं हवं. म्हणून सिडनीहून मी प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं होतं: सकाळी आठपर्यंत नाश्ता चालेल, त्यानंतर "प्लीज, नो टी ऑल्सो." आपल्याकडे 'चहासुद्धा घेऊ नका' म्हटलं की सगळा अर्थ आला. चहा नाही म्हणजे काहीच नाही. मी मनातलं मराठी वाक्य उचललं आणि इंग्रजीत ठेवलं.

दुपारी दोन वाजता पाच जण आले. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळ्यांना मास्क. पहिला नंबर मर्व्हचा. (नाव बदललं आहे, ही हकिगत लिहायला त्याने आनंदाने परवानगी दिली.) साठी ओलांडलेला, आयुष्यभर ट्रक चालवलेला, अर्धी चड्डी, रबरी चपला. बरोबर बायको लॉरेन. त्याचा हात सारखा खिशात जात होता. तिथे जळजळीच्या गोळ्यांचं पाकीट होतं आणि त्या तो गोळ्या-बिस्किटांसारख्या चघळायचा.

मी यादी वाचली. "सकाळी आठनंतर काही खाल्लं?"

"आत्ताच बाहेर खिमा भरलेली एक मीट पाय खाल्ली. धीर यावा म्हणून."

"पण मी फोनवर सांगितलं होतं..."

"सांगितलंस ना. नो टी. आज रात्री टी नाही. लॉरेन काही रांधणारच नाहीये."

"त्याचं मी ऐकलं नसतं," लॉरेन म्हणाली, "पण तुझा आवाज फार कडक होता, लव्ह."

मला काही कळेना. मागे सुजाताताईंनी कपाळाला हात लावला.

"अगं माय! इथे टी म्हणजे रात्रीचं जेवण!"

मी उरलेल्या चौघांकडे बघितलं. चौघंही पोटभर जेवून आले होते आणि रात्री उपाशी झोपायच्या तयारीत होते. एका बाईंनी तर मुलीकडचं वाढदिवसाचं जेवण रद्द केलं होतं. त्या बाई अशा हसत सुटल्या की मास्क खाली आला. "म्हणजे मी केक खाऊ शकते?" बाकीचेही हसले. "नो वरीज, उद्या सकाळी येतो," म्हणत उठले.

मर्व्ह हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "हा इशारा आहे," तो म्हणाला. "नको म्हणून सांगणारा. मी नदीवर चाललो." आणि तो गेला.

लॉरेन मागे थांबली. तिने जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. मर्व्हचा थोरला भाऊ अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेला होता. घास अडकायला लागला तेव्हा तो दाखवायला गेला आणि तोवर फार उशीर झाला होता. मर्व्हला वीस वर्षं जळजळ. एंडोस्कोपीची तारीख एकदा आली, त्याने टाळली. मग करोना आला आणि रांग लांबली. "या खुर्चीपर्यंत मी त्याला कसा आणला ते माझं मला माहीत," ती म्हणाली. "आता तो पुन्हा येणार नाही."

मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. तिने उलट माझ्या खांद्यावर थोपटलं.

ती गेल्यावर मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. सुजाताताई दारात उभ्या.

"रडून काय राहिली? चार जण उद्या येऊन राहिले ना?"

"पण ज्याने यायला हवं तो नाही येणार."

"हो," त्या म्हणाल्या. खोटा धीर देणाऱ्यांपैकी त्या नव्हेत. "चल, सूर्य बुडताना पाहू."

समुद्राकाठी दर गुरुवारी संध्याकाळी बाजार भरतो. दगडी खलात मिरची कुटून कच्च्या पपईची कोशिंबीर करणाऱ्या थाई बाया, नारळाच्या दुधातल्या लक्साचे वाफाळते वाडगे, मगरीच्या मांसाच्या काड्या. त्या मी लांबूनच पाहिल्या. लक्सा तिखट निघाला आणि नाकातून पाणी आलं. रडण्याला आयतं निमित्त मिळालं. सहाच्या पुढे सगळे लोक खाणं हातात घेऊन वाळूवर जाऊन बसले. तांबडा गोळा पाण्याला टेकला, बुडाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोजच्या सूर्याला! आमच्याकडे उगवत्याला नमस्कार करतात; मावळत्याला कोणी शाबासकी दिलेली मी पहिल्यांदा पाहिली. मीही वाजवल्या.

शुक्रवार, नदीवर

सकाळी चौघंही आले, खरोखर उपाशी. चौघांनी गिळलं, चौघांचे स्पंज आले. केकवाल्या बाईंनी आपला स्पंज बाटलीत पडताना पाहिला आणि विचारलं, "एवढंच? मी मेकअप उगाच केला."

मग मी हेलन मॅडमना फोन करून चूक सांगितली. त्या हसू दाबत होत्या हे मला नंतर कळलं.

"मॅडम, मी मर्व्हला जाऊन भेटू?"

"माफी मागायला जरूर जा. पण ये म्हणायचं नाही, अश्विनी. एकदाही नाही. संशोधनात येणारा स्वतःच्या पायांनी येतो."

लॉरेनला विचारलं. ती म्हणाली, "जा, त्याला पाहुणे आवडतात," आणि जागा सांगितली.

दुपारी आम्ही निघालो. वाटेत हम्प्टी डू नावाचं गाव लागतं. मी पाटी दोनदा वाचली. त्यापुढे माळ, उंच वाळलेलं गवत आणि वारुळं. आपली वारुळं गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. इथली माझ्या दुप्पट उंच, जणू मातीची माणसं रानात उभी. "नागपंचमीला यांच्याकडे दूध कसं पोचवायचं?" मी विचारलं. सुजाताताई म्हणाल्या, "शिडी लावून." एके ठिकाणी गवत जाळलं होतं आणि धुरावर घारी घिरट्या घालत होत्या. सुजाताताई म्हणाल्या, पळणारे टोळ टिपतात. शंभरच्या वेगाने जाताना त्या हे सगळं एका हाताने दाखवत होत्या.

नदीच्या उताराशी, जिथून होड्या पाण्यात सोडतात तिथे, मर्व्ह खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला पाहून त्याने गळ बाजूला ठेवला.

"दोरा घेऊन आलात का?"

"नाही," मी म्हटलं. "माफी मागायला आले. माझ्या इंग्रजीमुळे तुमचा दिवस वाया गेला."

"माझा? मी बॅरामंडी धरला. पाण्याच्या जवळ उभी राहू नकोस, ॲश, मगरीला माफी समजत नाही."

त्याने मासा तव्यावर टाकला, नुसतं मीठ आणि लिंबू. सुजाताताईंनी पर्समधून तिखटाची डबी काढली. मर्व्हने चिमूटभर घेतलं, डोळे पुसले, पुन्हा घेतलं. मग त्याने स्वतःच विषय काढला.

"तुमच्याकडे टी म्हणजे खरंच नुसता चहा?"

"नुसता चहा. उकळता. माझे वडील बशीत ओतून, फुंकर घालून पितात. कॉलेजात मला त्याची लाज वाटायची. मग या विषयात आल्यावर वाचलं की फार कढत पिणं अन्ननलिकेला बरं नाही. बशीवाले शहाणे निघाले."

तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग काडीने मातीत रेघा मारत राहिला.

"त्या स्पंजवर तुम्ही नेमकं काय बघता? कॅन्सर?"

"नाही." हे मी परिषदेत सांगितलं आहे, पण नदीकाठी सांगायची वेळ आली तेव्हा परिषदेतले शब्द निरुपयोगी वाटले. "मर्व्ह, माझी पुस्तकं जुनी असायची. शाळेच्या कोठीतली, ओल लागलेली. काही पानं एकमेकांना चिकटलेली. अक्षरं सगळी जागच्या जागी, एकही पुसलेलं नाही. पण पान उघडत नाही, तर धडा वाचता येत नाही. पेशीतही असं होतं. काही जनुकं पेशीला शिस्त लावतात: पुरे, आता वाढू नको, म्हणून सांगतात. त्यांच्यावर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक तुकडा येऊन चिकटतो. याला मिथाइलेशन म्हणतात. जनुक बिघडत नाही, नुसतं मिटतं. आणि हे कॅन्सरच्या कितीतरी आधीपासून होत असतं. कुठली पानं चिकटलीत आणि किती, ते आम्ही मोजतो."

"आणि पुष्कळ चिकटलेली निघाली तर?"

"तर डॉक्टर नळी घालून आत बघतील. आमची तपासणी अजून शिकाऊच आहे. आहे किंवा नाही असं ती सांगत नाही, लवकर बघायला हवं का एवढंच सुचवते."

"माझ्या भावाच्या वेळी असलं काही नव्हतं."

"नव्हतं."

त्याने गळ पुन्हा हातात घेतला. 'उद्या याल का?' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. सुजाताताईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. मी पाणी प्यायले. थोड्या वेळाने आम्ही उठलो. त्याने उरलेला मासा कागदात बांधून दिला. येतो किंवा येत नाही, काही बोलला नाही.

परतताना हम्प्टी डूची पाटी पुन्हा दिसली.

"मराठीत विचारलं असतं तर चाललं असतं का?" मी म्हटलं.

"गप बस," सुजाताताई म्हणाल्या.

शनिवार, खोलीचा शेवटचा दिवस

खोली बारापर्यंतच आमची होती. नोंद केलेलं कोणीच नव्हतं. मी बाटल्यांवरची लेबलं तपासली, पुन्हा तपासली. दहा वाजले, साडेदहा. सुजाताताई टेबल पुसत होत्या, तेच टेबल, तिसऱ्यांदा.

अकराला दहा कमी असताना दार ढकलून मर्व्ह आला. दाढी केलेली, पायात बूट. मागे लॉरेन.

"काल संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नाही," तो म्हणाला. "लवकर करा, माझा विचार बदलेल."

मी संमतीचा कागद पुन्हा पूर्ण वाचून दाखवला. कुठल्याही क्षणी नको म्हणता येईल हे दोनदा. त्याने सही केली. पहिली कॅप्सूल घशाशी जाऊन परत आली. तो खोकला, डोळे लाल. लॉरेनने तोंड भिंतीकडे वळवलं. मी म्हटलं, "थांबूया, मर्व्ह. इथेच थांबलं तरी चालेल."

तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. मग त्याने सुजाताताईंपुढे तळहात धरला. "दुसरी."

"पाणी तोंडात धर," त्या म्हणाल्या. "हनुवटी खाली. वर नाही, खाली. आता दोन्ही एकदम गिळ."

गेली. दोरा गालावर चिकटवला. त्याने घट्ट मिटलेले डोळे उघडले आणि आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, जणू स्वतःच्या गिळण्याची त्यालाच खात्री पटत नव्हती.

सात मिनिटं झाली. सुजाताताईंनी दोरा एका लयीत ओढला. एक उबळ, आणि स्पंज बाहेर. मळकट, ओला, बोराएवढा. मी तो बाटलीत टाकला, झाकण फिरवलं.

"झालं?" मर्व्हचा आवाज घोगरा होता.

"झालं."

लॉरेनने त्याची टोपी काढून त्याच्याच डोक्यावर दोनदा मारली आणि मग त्याला मिठी मारली. मास्क, अंतर, सगळे नियम बाजूला राहिले. सुजाताताईंनी खिडकीकडे बघितलं आणि मी बाटलीकडे.

वेस्टमीड, नंतर

रविवारी मी बाटल्यांसह परतले. पुढच्याच महिन्यात सिडनी बंद झाली. प्रयोगशाळेत पाळ्या लागल्या, एका वेळी दोघंच. नमुन्यांवर फक्त क्रमांक असतात, त्यामुळे कुठला कोणाचा हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असायलाही नको होतं. एका क्रमांकाची मिटलेली जनुकं इतरांपेक्षा बरीच जास्त निघाली. ठरल्याप्रमाणे ते वेगळ्या खोलीतून वेगळ्या माणसाने डॉक्टरांना कळवलं.

तो कोणाचा होता ते मला लॉरेनकडून कळलं. डॉक्टरांनी मर्व्हला रांगेत पुढे घेतलं. आत, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, बदललेल्या पेशींचा एक पट्टा सापडला. कॅन्सर नव्हता; पण सोडला असता तर होण्याच्या वाटेवरचा. नळीतूनच उष्णता देऊन तो जाळून टाकला. "आता दर काही महिन्यांनी बघणार आहेत," लॉरेन म्हणाली, "आणि तो प्रत्येक तारखेला माझ्या आधी गाडीत जाऊन बसतो." मी फोन ठेवला, खोलीला एक फेरी मारली, आणि मग मंठ्याला फोन लावला, नुसतं सांगायला की मला आज बरं वाटतंय.

मर्व्ह मात्र गप्प बसणारा नव्हता. नदीच्या उतारावर तो ज्याला त्याला गाठून जळजळ होते का विचारू लागला. एके दिवशी सुजाताताईंचा फोन: "अश्विनी, इकडे रांग लागून राहिली! दवाखान्याने खोली दिली, हेलनबाईंनी परवानगी काढली. पण तुले कोण येऊ देईल?" सिडनीकरांना डार्विन बंद होतं. मी कॅप्सूलचं खोकं भरलं आणि पोस्टाने पाठवून दिलं.

त्या सकाळी त्यांनी व्हिडिओवर फोन लावला. समोरच्या माणसाला विचारूनच. मी वेस्टमीडला घरी, माझ्या स्वयंपाकघरात, दोन स्वेटर घालून. पडद्यावर तीच खोली. खुर्चीत एक दांडगा मासेमार, गालावर दोरा, डोळे विस्फारलेले. शेजारी दुसऱ्या खुर्चीत मर्व्ह, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून.

"बोलायचं नाही, मेट, सात मिनिटं एक शब्द नाही," तो त्याला बजावत होता, आणि ती सातही मिनिटं स्वतः अखंड बोलत होता.